नोटेवरचं फाटक

१२ जानेवारी

भाऊजी आज चहाच्या वेळी आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, वसाहतीच्या नोटा तू काढायच्या. मी पीठ मळत होते. तशीच बरबटलेल्या हातांनी उभी राहिले.

भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. ही वसाहत त्यांच्याच डोक्यातून निघाली. बाकी सगळे त्यांना दादा म्हणतात. इतकी वर्षं फाटकाच्या आत पैसा नव्हता. ज्याने त्याने आपलं काम करायचं आणि कोठारातून लागेल तेवढं न्यायचं. पण हल्ली कुरकुर फार वाढली आहे. कोण राबतं, कोण नुसतं मिरवतं, कोणाच्या घरचा साबण लवकर संपतो. म्हणून एक मार्चपासून आपल्या स्वतःच्या नोटा निघणार. ज्याच्याकडे बाहेरचा पैसा असेल त्याने तो कार्यालयात जमा करायचा आणि बदल्यात ह्या नोटा घ्यायच्या. फाटकाबाहेर त्या चालणार नाहीत.

"चालायला हव्यात कशाला?" भाऊजी म्हणाले. मला ते पटलं. आपल्याला जायचंय कुठे?

त्यांची अट एकच. नोटेवर कोणाचा चेहरा नको. आपल्यात राजा नाही, मग मुंडकं कोणाचं छापणार? नुसत्या खुणा हव्यात, लहान मुलालाही बघताक्षणी कळतील अशा.

खुणा म्हटल्यावर मला मिशनची शाळा आठवली. चित्रकलेच्या सिस्टर बक्षीस म्हणून छोटी रंगीत चित्रं द्यायच्या, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायला. लिलीचं फूल म्हणजे निर्मळ मन, जहाजाचा नांगर म्हणजे आशा. चित्रातली कुठलीच वस्तू गप्प नसते, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच, असं त्या म्हणायच्या. मला नेहमी नांगर मिळाला, लिली एकदाही नाही. ह्यावरून हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं चिडवत होते.

मी लगेच हो म्हटलं त्याचं खरं कारण इथे लिहून ठेवते. कारण माझी लेक. चौतीस वर्षांची झाली, वसाहतीचा टेम्पो चालवते आणि तरी मी तिला चिमणी म्हणते म्हणून सगळे हसतात. मध आणि भाजी घेऊन ती शहरात जाते, परतही येते, पण तिचं लक्ष काही परत येत नाही. हे गेल्यापासून मला ती एकटीच. ती गेली तर मी इथे कशी राहू? आणि मी इथून गेले तर ह्यांनी लावलेलं झाड, त्याखालचं ह्यांनी ठोकलेलं बाक, हे कोणाच्या भरवशावर सोडू? म्हणून ठरवलं आहे, नोटा इतक्या देखण्या करायच्या की तिलाही वाटावं, असं गाव दुसरीकडे मिळायचं नाही.

तिला सांगितलं तर म्हणाली, "छान. म्हणजे आता कुलपाला नक्षी." मग माझा चेहरा पाहून माझ्या बोटांना लागलेलं पीठ काढत बसली.

१६ जानेवारी

पहिल्या नोटेवर मधपेटी. सगळे मिळून काम करतात, सगळ्यांचा मध एक. अगदी समोरून काढली, दोन्ही बाजू सारख्या. खाली माश्यांना जायला-यायला बारीकशी फट असते, ती काळी भरली.

भाऊजींना चित्र आवडलं. फक्त ती फट काढून टाक म्हणाले. काळ्या डागाकडे डोळा जातो. खरंच जात होता. मी ती बुजवली, आणि पेटी कशी घट्ट, नीटस दिसायला लागली.

लेकीने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "माश्या कुठून येणार-जाणार?" मी म्हटलं, चित्र आहे बाई, चित्रातल्या माश्यांना कुठे जायचं असतं?

२२ जानेवारी

दुसरी नोट दिव्याची, तिसरी झाडाची. दिवा मी साधा काढला होता. भाऊजी म्हणाले, कुठला तरी दिवा नको, आपला हवा. त्यांच्या टेबलावरचा तो हिरव्या काचेचा, ज्याच्या उजेडात वसाहतीचे नियम लिहिले गेले. झाडही कुठलं तरी नको. ज्याच्या खाली उभं राहून ते पहिल्यांदा सगळ्यांशी बोलले ते, फांदी वाकलेलं. मला ते साहजिक वाटलं. आपल्या घरातलीच वस्तू आपल्याला बोलकी वाटते.

लेक जेवताना म्हणाली, "चेहरा तेवढा सोडून काकांचं सगळं आलं नोटेवर."

मी तिला दटावलं. हे गेले त्या दिवशी पाऊस होता, आणि भाऊजी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते, स्वतः भिजत. ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, मीही विसरलेले नाही. मग उठून भांडी घासायला लागली.

आज दिवसभर एका जागी बसवत नाही. पेन्सिलींना टोकं काढते, खिडकीशी जाते, परत येते, चहा निवतो. काम चांगलं चाललंय, मग ही हुरहूर कसली?

२५ जानेवारी

एक गंमत. लेक शहरातून गुणगुणत आली. टेम्पोच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक नवी पितळी किल्ली लोंबत होती. कसली म्हणून विचारलं तर म्हणाली, गोदामाची. मला पाहून जुडगा मुठीत झाकून घेतला.

मग भाजी निवडता निवडता एकदम विचारते, "आई, खोलीला खिडकी उत्तरेलाच असलेली तुला आवडते ना?"

मी म्हटलं, उत्तरेलाच. चित्र काढणाऱ्याला उत्तरेचाच उजेड, दिवसभर सारखा राहतो, सावल्या फिरत नाहीत. तिने ते असं ऐकून घेतलं की जणू बाजाराची यादी ताडून पाहते आहे.

मला वाटतं, शहरात कोणीतरी आहे. टेम्पो ज्याच्याकडे दुरुस्तीला जातो त्या गॅरेजवाल्याचं नाव हल्ली दर वाक्यात येतं. तो माउथ ऑर्गन वाजवतो म्हणे. लग्न करून त्याला इथे घेऊन आली तर? शेजारची खोली रिकामीच आहे. मी आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

३१ जानेवारी

बैठक झाली. सर्वांत मोठ्या नोटेवर काय असावं ह्यावर तासभर काथ्याकूट. कोणी म्हणालं विहीर, कोणी दोन हात. शेवटी भाऊजींनी सांगितलं, फाटक. उघडं फाटक, आत घरं, मागे टेकडी, आणि रस्त्याने फाटकाकडे येणारी माणसं. त्याखाली आपलं वाक्य: इथे कोणी पाहुणा नाही.

टाळ्या पडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आम्ही आलो तेव्हा फाटक नव्हतंच, नुसते दोन खांब होते. हे पुढे चालत होते, पाठीवर वळकटी, लेक शाळेच्या बुटांत, मी सर्वांत मागे. खांबांमधून आत शिरताना हे थांबले आणि मला म्हणाले, "उजवं पाऊल आधी टाक हं, बाईसाहेब." मी हसले होते.

घरी येताना लेक म्हणाली, "पाहुण्याला निदान घरी जाता येतं."

हे असं बोलणं ती कुठे शिकली? माझ्याकडे तर नाही.

४ फेब्रुवारी

फाटकाची नोट दोन तुकड्यांत होणार. फाटक, घरं आणि टेकडी मी शाईने काढून दिली. शाईमामा त्याचा धातूचा ब्लॉक शहरातून करवून आणतील. तो हिरव्या रंगात. माणसांचा ठसा मात्र मी स्वतः लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्टीवर, कोरायचा, लहानसा. तो तपकिरी रंगात रस्त्यावर बसवायचा. शाईमामा म्हणजे आमच्या छापखान्याचे सर्वेसर्वा. कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नाही. नखं कायमची काळी. म्हणतात, मी मेल्यावर मला धुवायला रॉकेल आणा.

चेहरे नकोत म्हणून माणसं बाजूने काढायची, नुसत्या भरीव आकृत्या. लेकीला म्हटलं, जरा चालून दाखव. तिने कपाटावरच्या दोन्ही पिशव्या काढल्या, त्यांत काय काय कोंबलं, आणि खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. नाटक म्हणून नाही. खरोखर कुठेतरी पोचायचं असल्यासारखी. किती सुंदर रेषा मिळाली मला, एका दमात.

पुढे एक पुरुष काढला, किंचित वाकून चालणारा. त्याच्यामागे बूट घातलेली मुलगी. मग पिशव्या घेतलेली बाई. चौथी जागा मोकळी वाटत होती म्हणून तिथे एक म्हातारी.

"ही कोण?" लेकीने विचारलं.

"कोणी नाही. रचनेसाठी."

"पण येते आहे ना ती? ह्यांच्याबरोबर?"

मी म्हटलं, अगं, एकाच रस्त्यावर आहे म्हणजे बरोबरच असणार. ह्यावर ती इतकी का हसली कोण जाणे. आली आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. लहानपणी मी तिच्या डोक्यावर टेकवायची.

९ फेब्रुवारी

लिनो कोरून झाला. समाधान आहे. लिनो थंडीत कडक होतो, म्हणून तो पोटाशी धरून ऊब द्यावी लागते. हे पाहून शाईमामा म्हणाले, "अंडं उबवताय का बाई?" काढलेल्या चित्राचा पातळ कागद ठेवला, त्यावरून गिरवलं आणि सरळ कोरत गेले. म्हातारीच्या पदराशी पटाशी जरा सटकली. तिचा पदर आता वाऱ्यावर उडतो आहे.

आधीचे तीन ठसे करताना इतकं मन लागलं नव्हतं. पेटी, दिवा, झाड, सगळे समोर तोंड करून फोटोला बसल्यासारखे. ही माणसं चालतात.

१३ फेब्रुवारी

खोकला, अंगात ताप. पडून आहे. लेक कपाट आवरते आहे. माझ्या चष्म्याचा नंबर कुठे लिहून ठेवलाय विचारते, लोकरीची शाल उन्हात टाकते, ह्यांचा फोटो फ्रेममधून काढून पुसते. काच जड असते म्हणते, फोटो नुसताच जपून ठेवला तर चालेल का? मी म्हटलं, चालेल. नव्या संसारासाठी घर आवरणाऱ्या मुली अशाच असतात. मी काही विचारत नाही. तिचं ती सांगेल.

शाईमामांनी पहिली नोट छापून लेकीच्या हाती पाठवली होती म्हणे, मी बघून होकार द्यावा म्हणून. ती म्हणाली, "तू झोपली होतीस. मीच हो म्हणून सांगितलं." मी जरा रागावले. कशी दिसते, विचारलं. तिने फोटो पुन्हा एकदा पुसला. मग म्हणाली, "आई, तुझ्या हाताला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

एवढं कौतुक तिने माझं कधी केलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

काय लिहू? आज सभागृहात सगळ्यांना नोटा दाखवायच्या होत्या. ताप उतरल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडले, इस्त्रीचं पातळ नेसले. भाऊजींनी पेटीची नोट दाखवली, दिव्याची, झाडाची. माना डोलत होत्या. मग फाटकाची नोट उंच धरली आणि खालचं वाक्य मोठ्याने वाचलं. नोटा हातोहात मागच्या रांगांपर्यंत गेल्या.

मागून गोठ्याकडच्या बाईंचा आवाज आला, अगदी साधा, चौकशी केल्यासारखा. "दादा, ही मंडळी निघाली कुठे?"

आधी कोणाला कळलं नाही. मग कोणीतरी फस्सकन हसलं. मग दुसऱ्याने नोट शेजाऱ्याला दाखवली. मी माझी नोट डोळ्यांजवळ नेली.

फाटक उजवीकडे, घरं उजवीकडे, जसं काढलं तसंच. आणि माणसं डावीकडे तोंड करून. चौघंही, ओळीने, फाटकाकडे पाठ. म्हातारी तर नुकतीच बाहेर पडलेली, पदर अजून फाटकाच्या दिशेला उडतो आहे.

ठसा कागदावर उलटा उमटतो. शाळेतल्या मुलीलाही हे ठाऊक असतं, आणि मी चित्रकलेच्या तासाला मुलींना हे वर्षानुवर्षं शिकवलं आहे. कागद पालथा करायचा आणि मग गिरवायचं. पण पेटी, दिवा, झाड, तिन्ही दोन्हीकडून सारखी, फांदीचा वाक इकडे गेला काय नि तिकडे काय. पालथं घालायची सवयच मोडली. आणि आकड्यांचे, अक्षरांचे खिळे शाईमामा जुळवतात, म्हणून तिथेही आठवण झाली नाही. ब्लॉकवाल्यांनी त्यांचं सुलट करून दिलं. माझं तेवढं उलट राहिलं.

हसणं थांबल्यावर जे झालं ते जास्त वाईट होतं. लोक नोटेकडे बघतच राहिले. काहींनी ती घडी घालून खिशात ठेवलेली मी पाहिली. भाऊजींनी सगळ्या परत मागितल्या तेव्हा गठ्ठा बराच लहान वाटला.

शाईमामांना बाहेर गाठून विचारायला गेले, पण ते हात वर करून म्हणाले, मला सांगितलं ते मी छापलं, छापखान्यात डोकं वापरलं की चुका होतात. आणि निघून गेले. लेक टेम्पोला टेकून उभी होती. ती हसत नव्हती.

२२ फेब्रुवारी

भाऊजी आले. मला वाटलं होतं रागावतील. आधी खोकल्याचं विचारलं, बरोबर मधाची बाटली आणली होती. मी म्हटलं, पुन्हा कोरते, चार दिवसांत होईल. ते म्हणाले, कशाला त्रास? माणसांचा ठसा बाजूला ठेवला की काम झालं. फाटक एकटंच छापू.

"रस्ता रिकामा दिसेल," मी म्हटलं.

"नीटस दिसेल," ते म्हणाले. "माणसं घातली की लोक अर्थ काढत बसतात."

जाताना दारात थांबून म्हणाले, एक तारखेपासून टेम्पो दुसरं कोणीतरी चालवेल, तुझ्या लेकीला आता जरा विश्रांती. संध्याकाळनंतर फाटक लावून घ्यायचं ठरलं आहे, कुत्री येतात म्हणून. माझा ठसा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणला होता. तो टेबलावर ठेवला, हळूच, एखादी आजारी वस्तू असावी तसा.

ते थकल्यासारखे वाटले. ह्यांच्यासारखीच चाल होती त्यांची एकेकाळी. आता काठी टेकून, आधी जमीन बघून पाऊल टाकतात.

२३ फेब्रुवारी

आज भांडण झालं. माझं आणि लेकीचं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती म्हणाली, सत्तावीस तारखेला माझी शेवटची फेरी आहे. त्या फेरीतून मी परत येणार नाही.

मला तेवढ्यातही आशा सुटली नाही. मी विचारलं, "गॅरेजवाला का?"

ती बघतच राहिली आणि मग पोट धरून खाली बसली. "आई, त्याला तीन नातवंडं आहेत." हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. त्याने ओळखीने खोली मिळवून दिली. खोली घेऊन खूप दिवस झाले. किल्ली तीच. खिडकी उत्तरेची मिळेपर्यंत दोन खोल्या नाकारल्या.

"मी कधीच गेले असते," ती म्हणाली. "थांबले कोणासाठी, असं वाटतं तुला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शाल, चष्म्याचा नंबर, फोटो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत बांधलं जात होतं आणि मी मांडवाची स्वप्नं बघत होते. त्याची लाज वाटली, म्हणूनच बहुधा मी जास्त कडवट बोलले. म्हटलं, तुझे बाबा इथे आहेत. त्यांचं झाड आहे, बाक आहे. त्यांनी ज्यासाठी हाडं झिजवली ते तू दोन पिशव्यांत भरून सोडून चाललीस. तू जा. मी कुठे येत नाही.

ती म्हणाली, "मग ती मागची म्हातारी कोणी काढली? मी सांगितली होती?"

मी म्हटलं, ती चूक होती. सगळंच चुकून झालं.

ती बाहेर गेली आणि टेम्पो धूत बसली. स्वच्छ होता, तरी धूत बसली.

२५ फेब्रुवारी

दोन दिवस एकाच घरात पाहुण्यांसारख्या वागतोय. मीठ दे, पाणी दे. आज ह्यांच्या बाकावर जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले. बाकाचा एक पाय बसका आहे, हे त्याखाली लाकडाची चकती सरकवणार होते. झाड खूप वाढलं आहे. त्याला माझी काही गरज नाही हे उघड दिसत होतं, आणि तेच पाहवेना.

वाटेत छापखाना. दोरीवर नव्या नोटा वाळत होत्या. हिरवं फाटक, हिरवी घरं, रस्ता कोरा. खाली, इथे कोणी पाहुणा नाही. शाईमामा म्हणाले, "बघा, सुटसुटीत." पण माझ्याकडे न बघता.

मी ती ओल्या शाईची नोट हातात धरून उभी राहिले. रस्त्यावर कोणी नव्हतं. लेक नव्हती ते ठीक, म्हातारी नव्हती तेही ठीक. पण तो पुढचा, वाकून चालणारा, पाठीवर वळकटी असलेला, तोही नव्हता. त्याला मी काढताना मनाशीसुद्धा नाव दिलं नव्हतं. इथे त्याची जागाच उरली नव्हती, आणि मी त्याच्या बाकाचा पाय राखत बसले होते.

अंगठा शाईने हिरवा झाला. घरी येऊन साबणाने घासला तरी जाईना.

लेक दिव्याची काच पुसत होती. मी म्हटलं, "शाल वर ठेव. मला गाडीत वारा लागतो."

तिने काच खाली ठेवली. एवढंच. पण फार जपून ठेवली.

२७ फेब्रुवारी

पहाटे नाही, चोरून नाही, चांगलं ऊन पडल्यावर निघालो. भाऊजींना कालच जाऊन सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. हिरव्या दिव्याच्या उजेडात कागद सारखे करत राहिले. शेवटी म्हणाले, "तू तरी राहशील असं वाटलं होतं." मला फार वाईट वाटलं, आणि तरी पाय मागे फिरले नाहीत, ह्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

फाटक उघडायला शाईमामा आले. हातात शाईची लहान डबी, माझ्यासाठी, तपकिरी. मी म्हटलं, तुम्हाला ती चूक पहिल्याच कागदाला दिसली असणार. मग बोलला का नाहीत?

ते बराच वेळ कडी चाचपत राहिले. "मला काय माहीत चूक आहे ते," ते म्हणाले. "मला वाटलं, बाईंनी धीर केला."

६ मार्च

तिसरा मजला. जिना अरुंद, खालच्या मजल्यावर शिवणयंत्राचा आवाज. खिडकी उत्तरेला, बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आणि वर हातभर आकाश. लेकीला एका भाजीच्या दुकानाची गाडी चालवायला मिळाली आहे. गॅरेजवाले खरंच आजोबा निघाले. स्टोव्ह दिला, आणि बसून माउथ ऑर्गनही वाजवून गेले, वाईट.

मला इथे करमत नाही. खोटं कशाला लिहू? टेकडी आठवते, कोठारातला साबणाचा वास आठवतो, भाऊजींची काठी आठवते. दिवसातून कितीदा तरी उठते, दाराशी जाते, कडी काढून बघते, पुन्हा लावते. लेक बघत असते. एकदा मात्र म्हणाली, "कडी आतून आहे, आई. हवं तितक्यांदा काढ."

आज दुपारी वर्तमानपत्रातून ठसा काढला. रूळ नव्हता म्हणून चिंधीने शाई लावली, साधा कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. अलगद उचलला. चौघं उमटली, डावीकडे तोंड करून, थोडी फिकट. भोवती काहीच नाही. घरं नाहीत, टेकडी नाही. फाटक नाही म्हटल्यावर ती आत चालली आहेत की बाहेर, हा प्रश्नच उरला नाही. नुसती चालली आहेत.

लेक कामावरून आली, पर्स खांद्यालाच, आणि कागदावर वाकली. बोटाने एकेकाला मोजल्यासारखं केलं. शाळेचे बूट ओळखले, पिशव्या ओळखल्या. मग बोट पुढच्या माणसावर थांबलं.

"बाबा नेहमीसारखे पुढे," ती म्हणाली. "मागे वळून बघायचं नाव नाही."

मी म्हटलं, "कशाला बघतील? आपण येतोय हे त्यांना माहीत आहे."